कॅमेऱ्याचं रेन कव्हर: घालायचं कसं, काढायचं कसं

नाशिक शहरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि जेमतेम ४५ किलोमीटरवरच्या इगतपुरीत ३००० मिलिमीटरच्या पुढे. कॉलेज रोडवरून निघताना नुसती भुरभुर असते आणि पहिनेला गाडीतून उतरेपर्यंत आडवा पाऊस तोंडावर येतो. तेव्हा बॅग उघडून कव्हर शोधायला लागलं की निम्मं पाणी कव्हरच्या आत आधीच शिरलेलं असतं. त्यामुळे कव्हर घरूनच घालून निघा, निदान गाडीत बसल्या बसल्या कोरड्या हातांनी घाला.

कव्हरकडून आपल्याला दोन गोष्टी हव्या असतात. पाणी आत येऊ नये आणि वाफ बाहेर पडावी. पहिल्या गोष्टीकडे सगळे बघतात, दुसरी विसरतात. पिशवीचं तोंड रबर लावून गच्च आवळलं की हाताची ऊब, नाकातोंडाची वाफ आणि कॅमेऱ्याची स्वतःची गरमी आतच कोंडते. अर्ध्या तासात प्लास्टिकला आतून घाम फुटतो आणि ते थेंब बटणांच्या फटींवर बसतात. कव्हर छत्रीसारखं असावं, वरून आणि बाजूंनी बंद, खालून मोकळं. पाऊस वरून आणि बाजूने येतो. खालून येतो तो धबधब्याजवळ, आणि तिथली तजवीज वेगळी. ती पुढे सांगितली आहे.

वेदर सीलिंगवर किती विसंबायचं

'वेदर सील्ड', म्हणजे सांध्यांवर पाणी-धूळ अडवणारं रबर बसवलेला, असं खोक्यावर लिहिलेलं असलं तरी बहुतेक कंपन्या त्याचा आकडा देत नाहीत. ओएम सिस्टीमच्या ओएम-१ सारखा एखादाच कॅमेरा आयपी५३ असं स्पष्ट सांगतो. त्यातला ५ धुळीचा, ३ पाण्याचा. त्या ३ चा अर्थ सरळ उभ्या रेषेपासून ६० अंशांपर्यंत कलून येणारा फवारा. त्याहून आडव्या माऱ्याची हमी त्यात नाही, आणि हे सगळं तसंच सील असलेली लेन्स लावली तरच. बॉडी सील्ड आणि लेन्स कॅमेऱ्यासोबत आलेली, बिनसीलची, अशी जोडी असेल तर पाणी माउंटच्या फटीतून आत जातं. लेन्स काढून धातूच्या माउंटभोवती बघा. पातळ रबरी कडी दिसली तर मागून सील आहे, नाही दिसली तर नाही. कॅननच्या काही एल लेन्सचं पुढचं सील तर समोर फिल्टर लावल्याशिवाय पूर्णच होत नाही. लेन्सच्या माहितीपत्रकात ते लिहिलेलं असतं, एकदा वाचून घ्या.

झूम करताना लांब होणाऱ्या लेन्सची अडचण आणखी निराळी. नळी बाहेर आली की लेन्स हवा ओढते, आत गेली की सोडते. ओल्या नळीसकट झूम मागे घेतलात की नळीवरचं पाणी आत ओढलं जातं. त्यामुळे सील असो वा नसो, कव्हर घालायचंच. पाणी गेलेला कॅमेरा बहुतेक वेळा वॉरंटीत बसत नाही, हे वेगळं सांगायला नको.

कव्हर कोणतं घ्यावं

बाजारात साधारण तीन तऱ्हा मिळतात. पारदर्शक प्लास्टिकची बाही, पुढे नाडी आणि आयपीससाठी, म्हणजे डोळा लावायच्या खिडकीसाठी, भोक असलेली. ही सगळ्यात स्वस्त, वजन नाही, आतलं सगळं दिसतं. फाटते लवकर आणि वाऱ्यात फडफडते. दुसरं पॅराशूट कापडाचं, आतून पीयूचा (पॉलियुरेथेनचा) थर दिलेलं, मागे पारदर्शक खिडकी आणि हात घालायला दोन बाह्या. रोज पावसात काम करणाऱ्यांसाठी हेच बरं. घेताना उलटं करून शिवणी बघा. सुईच्या भोकांवर आतून पट्टी चिकटवलेली नसेल तर कापड कितीही चांगलं असो, पाणी शिवणीतूनच झिरपणार. तिसरं निओप्रीनचं, पानापानांच्या छापाचं, मोठ्या टेलिफोटोवर चढवतात ते. त्याला लोक रेन कव्हर समजतात. ते ठोकरांपासून वाचवतं आणि पक्ष्यांच्या नजरेत पांढरी लेन्स भरू देत नाही, एवढंच त्याचं काम. त्याच्या तुकड्यांच्या सांध्यांतून पाणी जातं आणि भिजलेलं निओप्रीन लेन्सला ओल्या फडक्यासारखं बिलगून राहतं. नांदूरमध्यमेश्वरला सकाळच्या धुक्यातून परतल्यावर ते तसंच लेन्सवर ठेवलं तर बुरशीला यापेक्षा चांगलं घर मिळायचं नाही. घरी आल्या आल्या उतरवा आणि पंख्याखाली वाळवा.

माप बघताना झूम पूर्ण लांब करून, हूड (लेन्सच्या पुढे लावायचं नळकांडं) लावून, हूडच्या टोकापासून आयपीसपर्यंत मोजा. त्यात किमान १० सेंटिमीटर मिळवा. कव्हर अगदी तंतोतंत मापाचं घेतलं तर झूम करताना ते ताणलं जातं आणि मागून उघडं पडतं.

घरी पिशवीचं कव्हर करायचं असेल तर

पॅकिंगचं सामान विकणाऱ्या दुकानात 'एलडी'ची पारदर्शक पिशवी मागा. 'एचएम'ची नको. ती धुरकट असते आणि हात लागला की कुरकुरते. टिबुकलीसारखा पाणपक्षी आपल्याआधी ते ऐकतो. 'पीपी'ची, म्हणजे शर्टाच्या पॅकिंगची पिशवी काचेसारखी स्वच्छ दिसते पण घडीवर चिरते. एलडी मऊ असते, ताणली तरी फाटत नाही. जाडी ५० ते ७५ मायक्रॉनच्या आसपासची घ्या. त्याहून पातळ वाऱ्यात टिकत नाही, त्याहून जाड असली तर आतून बटणं लागत नाहीत. १८-५५ सारख्या छोट्या लेन्सला १२ बाय १६ इंच पुरते, ७०-२०० ला १४ बाय २० आणि १५०-६०० ला १६ बाय २८ लागते. एका पिशवीवर कधीच निघू नका, दोन जादा ठेवा. आणि फाटलेली पिशवी डोंगरावर न टाकता परत आणायची, हे ओघाने आलंच.

आता कृती. लेन्सला हूड लावा. पिशवीच्या बंद टोकाकडच्या भागावर हूडचं तोंड टेकवून मार्करने गोल काढा. कापताना त्या गोलाच्या आत पाऊण सेंटिमीटर कापा, म्हणजे भोकाचा व्यास हूडपेक्षा दीड सेंटिमीटर कमी राहील. कात्री एका दमात फिरवा. मध्ये थांबून पुन्हा सुरू केलं की कडेला बारीक खाच पडते आणि ताणल्यावर पिशवी नेमकी तिथूनच फाटते. खाच पडलीच तर ती गोलसर कापून घालवा.

कॅमेरा पिशवीच्या उघड्या तोंडातून आत घाला आणि हूड त्या भोकातून बाहेर काढा. प्लास्टिकची कड हूडच्या पुढच्या कडेपासून एक-दीड सेंटिमीटर मागे ओढून घ्या. त्यावर रबर चढवा. नोटांना लावतात तसला बारीक रबरबँड ओल्यावर घसरतो. सायकलच्या जुन्या ट्यूबची सेंटिमीटरभर रुंद चकती कापली तर त्याला तोड नाही. पंक्चरच्या दुकानात अशी ट्यूब सहज मिळते. पाकळ्यांचा हूड असेल तर रबर पाकळ्यांच्या मागे, अखंड गोल भागावर बसवा, नाहीतर दोन पाकळ्यांच्या मधल्या खोलगट जागेतून पाणी सरळ आत उतरतं.

रबर हूडवरच, लेन्सच्या नळीवर नाही. झूम किंवा फोकसच्या कडीवर रबर बसलं की कडी आवळते आणि प्रत्येक वेळी झूम करताना पिशवी पिळली जाते. फोकस आपोआप सरकत असल्यासारखा वाटला तर आधी हे तपासा. हूड आणि बॉडी यांच्यामध्ये पिशवी जरा ढिली, चुण्या पडलेली ठेवा. झूम लांब करून बघा, तरीही मागे ताण येत नसेल तर बरोबर.

लेन्सच्या समोर मात्र प्लास्टिक येता कामा नये. 'पारदर्शक आहे की' म्हणून काही जण पिशवी बंदच ठेवतात आणि आरपार फोटो काढतात. तो फोटो धूसर येतो आणि फोकस चुण्यांवर अडकतो. पुढे काच हवी असेल तर साधा यूव्ही किंवा क्लिअर फिल्टर लावा, त्यावरून थेंब पुसणंही सोपं जातं. वाइड लेन्सवर फोटोच्या कोपऱ्यांत पिशवीची कड येते का, ते घरीच पाहून घ्या. अ‍ॅपर्चर एफ/१६ वर ठेवून पांढऱ्या भिंतीचा एक फोटो काढला की कोपरे काळे होतात का ते लगेच कळतं.

आयपीस, डोळ्याचा सेन्सर आणि पट्टा

विकतच्या कव्हरला आयपीससाठी भोक असतंच, पिशवीला आपण करायचं. कॅमेऱ्याचा रबरी आय-कप काढा, त्या जागी प्लास्टिकला आयपीसच्या निम्म्या आकाराचं भोक पाडा, ते आयपीसच्या चौकटीवर ताणून बसवा आणि वरून आय-कप पुन्हा लावा. प्लास्टिक दोन्हींच्या मध्ये चिमटीत धरल्यासारखं बसतं. आय-कप न काढता नुसतं वरून भोक पाडलं तर कपाळावरून ओघळणारं पाणी त्याच वाटेने आत जातं.

मिररलेस कॅमेऱ्यात इथे एक गंमत होते. आयपीसजवळ डोळा आला की नाही हे ओळखणारा छोटा सेन्सर असतो. त्याच्यापुढे प्लास्टिक आलं की कॅमेऱ्याला वाटतं, डोळा लागलाच आहे. मागचा स्क्रीन काळा पडतो आणि माणूस घाबरतो की पाणी गेलं. काही बिघडलेलं नसतं. मेनूमध्ये जाऊन डिस्प्ले 'ऑटो' वरून 'फक्त व्ह्यूफाइंडर' किंवा 'फक्त स्क्रीन' करा. त्याच मेनूच्या फेरीत टचस्क्रीन बंद करून टाका. स्क्रीनवर चिकटलेलं ओलं प्लास्टिक बोटासारखं काम करतं आणि फोकसचा ठिपका आपोआप कोपऱ्यात पळतो.

गळ्यातला पट्टा ही पाणी आत नेणारी वात आहे. खांद्यावर भिजलेला पट्टा उतारावरून पाणी थेट बॉडीच्या कडीपर्यंत आणतो. जमत असेल तर गळ्यातला काढून ठेवा आणि मनगटाचा पट्टा लावा, जो पिशवीच्या खालच्या तोंडातून बाहेर येईल. गळ्यातलाच हवा असेल तर पट्टाही खालच्या तोंडातूनच बाहेर काढा आणि तिथे त्याला एक लोंबती घडी द्या. पाणी त्या घडीच्या तळाशी येऊन टपकून जातं, वर चढत नाही. पट्ट्यासाठी पिशवीच्या वरच्या भागात भोकं पाडणं म्हणजे छपरालाच भोक पाडणं.

हॉट शूवर, म्हणजे कॅमेऱ्याच्या डोक्यावर फ्लॅश बसवायच्या खाचेवर, त्याचं प्लास्टिकचं झाकण लावा. घेतल्या दिवशीच ते हरवलेलं असेल तर कागदी मास्किंग टेपची एक पट्टी पुरते. शूच्या संपर्कबिंदूंवर पाणी बसलं की काही कॅमेरे फ्लॅश लावला आहे असं समजून विचित्र वागू लागतात. बाजूच्या रबरी झडपा, म्हणजे माइकची, चार्जिंगची, नखाने दाबून बसवा. जुन्या कॅमेऱ्यांत यांचं रबर ताठरतं आणि एक कोपरा उघडाच राहतो.

निघण्यापूर्वी कार्ड रिकामं, बॅटरी पूर्ण भरलेली, लेन्स ठरलेली. कव्हर चढल्यावर ते उघडायची वेळ येऊ नये, हा त्यातला हेतू. दोन नेहमीच्या सेटिंग कॅमेऱ्याच्या डायलवरच्या सी१ आणि सी२ वर साठवून ठेवल्या तर प्लास्टिकवरून चाचपत मेनूत शिरावं लागत नाही. आणि पावसात लेन्स बदलायची नाही. छत्रीखाली, पाठीआड, कशीही नाही.

न्हाणीघरातली चाचणी

नवं कव्हर थेट दुगारवाडीच्या धबधब्याला नेऊन पारखू नका. साधारण कॅमेऱ्याएवढा स्टीलचा डबा घ्या, त्याला टिश्यू पेपरचे दोन वेढे द्या आणि पुढे प्लास्टिकचा पेला किंवा बरणीचं तोंड हूडच्या जागी टेपने जोडा. त्यावर नेहमीसारखं कव्हर चढवा, रबर लावा आणि शॉवरखाली दहा मिनिटं धरा. पाच मिनिटं सरळ, पाच मिनिटं किंचित कलता. मग बाहेरचं पाणी पुसून कव्हर काढा. टिश्यूवर ओलं कुठे दिसतं, त्यावरून दोष कळतो. पुढच्या बाजूला गोल ओल आली असेल तर रबर ढिलं आहे. वरच्या बाजूला सरळ रेषेत ओल दिसली तर शिवण गळते. मागच्या बाजूला आयपीसच्या जागेखाली ओघळ असेल तर तिथलं भोक मोठं झालंय. सगळीकडे सारखाच दमटपणा असेल तर कापडाचं कोटिंग संपलं, कव्हर बदला. गळकी शिवण तंबू-रेनकोटसाठी मिळणाऱ्या सीम सीलरने आतून भरता येते. पातळ थर द्या आणि रात्रभर वाळू द्या. दर जूनमध्ये ही चाचणी पुन्हा करावी, कारण कोटिंग कपाटात पडल्या पडल्याही खराब होतं.

बाहेर पडल्यावर

एसी लावून घोटीपर्यंत गेलात, कॅमेरा मागच्या सीटवर. बाहेर हवा २६ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असेल तर दवबिंदू २४ अंशांच्या आसपास असतो. कॅमेरा गाडीत २० अंशांना थंड झालेला. दार उघडताच लेन्सवर, आणि कधी लेन्सच्या आतल्या भिंगांवरही, वाफ धरते. बाहेरची पुसता येते, आतली नाही. कव्हर याला काहीच करू शकत नाही. पोहोचण्याच्या अर्धा तास आधी एसी बंद करून काचा खाली करा किंवा कॅमेरा बंद बॅगेतच ३० ते ४५ मिनिटं बाहेरच्या तापमानाला येऊ द्या. घाईत उघडलाच तर कपडा फिरवत बसू नका, वाफ आपसूक जाईपर्यंत थांबा.

समोरच्या काचेवर थेंब पडणारच. आधी ब्लोअरने उडवा, उरलेला मायक्रोफायबरने टिपा, चोळू नका. एक कपडा भिजला की तो पुसत नाही, पाणी पसरवतो. म्हणून चार-पाच छोटे कपडे वेगवेगळ्या झिपच्या पिशव्यांत ठेवा आणि भिजलेला कपडा कोरड्यांत परत घालू नका. बॉडी आणि कव्हर टिपायला जुन्या पंचाचा तुकडा मायक्रोफायबरपेक्षा कितीतरी जास्त पाणी पितो, फक्त तो काचेला लावू नका. चालताना लेन्स नेहमी जमिनीकडे. आकाशाकडे तोंड करून चाललं की हूडची वाटी होते आणि तळाशी पाणी साचतं.

धबधब्याचे तुषार पावसाहून बारीक असतात आणि खालून वर उठतात. सोमेश्वरच्या धबधब्याजवळ पाणी भरपूर असताना हे चांगलं दिसतं. पाऊस थांबलेला असतो, तरी कव्हरचा आतला भाग ओला. अशा जागी खालचं मोकळं तोंड मनगटाभोवती सैल गोळा करून धरा आणि पाच-सात मिनिटांत फोटो उरकून मागे या. मागे आल्यावर तोंड पुन्हा मोकळं सोडा, आतली वाफ निघू द्या.

वाऱ्यात कव्हर शीड बनतं. ट्रायपॉडवर एक-दोन सेकंदांचं एक्स्पोजर देताना फडफडणारं प्लास्टिक कॅमेरा हलवतं आणि फोटो हलला की दोष ट्रायपॉडला जातो. जास्तीचं प्लास्टिक घडी करून दोन कपड्यांच्या चिमट्यांनी खाली पकडा. मोठ्या लेन्सची कॉलर ट्रायपॉडला जोडायची असेल तर कव्हरला खाली वेल्क्रोची फट हवी. पिशवी असेल तर कॉलरच्या पायापुरतीच चीर द्या आणि तिच्या दोन्ही टोकांना टेप लावा म्हणजे ती पुढे फाटणार नाही.

हरिहर किल्ल्याच्या कातळपायऱ्यांवर कॅमेरा गळ्यात नको, कव्हर कितीही चांगलं असलं तरी. दोन्ही हात खोबणीत लागतात आणि कॅमेरा कातळावर आपटत राहतो. तिथे तो बॅगेतच असावा. बॅगेचं जे रेन कव्हर येतं ते पाठीकडची बाजू झाकत नाही. पाठीवरून ओघळलेलं पाणी पट्ट्यांच्या मुळाशी शिवणीतून आत झिरपतं. त्यामुळे बॅगेच्या आतही एक जाड पिशवी अस्तरासारखी घाला, तोंड दोनदा दुमडून.

उन्हाळ्यातली गोष्ट थोडक्यात. बहुतेक कॅमेऱ्यांना ४० अंशांपर्यंतच वापरायला सांगितलेलं असतं, आणि नाशिकचा पारा एप्रिल-मेमध्ये त्याच्या आसपास जातो. काळं रेन कव्हर घालून कॅमेरा उन्हात ठेवला तर व्हिडिओ मध्येच बंद पडतो. अशा वेळी पांढरा सुती कपडा नुसता वरून टाका, बाजूंनी हवा खेळती राहू द्या.

रंगपंचमी आणि धूळ

नाशिकची रंगपंचमी म्हणजे रहाडी. तिवंधा चौक, शनी चौक इथल्या पेशवेकालीन हौदांत धप्पा मारला की रंगीत पाण्याचा फवारा कुठून येईल सांगता येत नाही, आणि त्याच वेळी हवेत कोरडा रंगही असतो. पावसाचा नियम इथे उलटा होतो. खालचं तोंडही बंद करावं लागतं. पिशवीत एक हात घालून मनगटावर सैल रबर लावा आणि दर वीस मिनिटांनी बाजूला जाऊन उघडून हवा द्या.

कोरड्या हवेत प्लास्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि रंगाची पूड त्याकडे ओढली जाते, आतल्या बाजूनेही. पिशवी वापरण्याआधी आतून-बाहेरून ओलसर फडक्याने पुसून वाळवली तर हे बरंच कमी होतं. लेन्स आणि बॉडीचा सांधा, बटणांच्या कडा, बॅटरीच्या झाकणाची फट यांवर कागदी मास्किंग टेप लावा. सेलो टेप नको, उन्हात तिचा चिकटा तसाच राहतो. यूव्ही फिल्टर इथे हवाच. लांब लेन्सने जरा उंचावरून, एखाद्या ओट्यावरून काम केलं तर निम्मा त्रास वाचतो.

परत आल्यावर ओला कपडा सर्वांत शेवटी. पूड आधी मऊ ब्रशने आणि ब्लोअरने, लेन्स जमिनीकडे धरून झाडायची. पुडीवर पाणी लागलं की तिचा रंग होतो, आणि तो रबराच्या पकडीत बसला की जात नाही.

सिंहस्थाच्या मुख्य पर्वण्या ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्ये आहेत, म्हणजे ऐन पावसात. गर्दीत छत्री उघडता येत नाही आणि शेजारच्याच्या छत्रीचं पाणी मात्र आपल्या कॅमेऱ्यावर पडतं. तिथे बाह्यांचं कापडी कव्हरच उपयोगी. रेटारेटीत पारदर्शक पिशवी तासभरही टिकणार नाही.

काढताना

दिवसभर कोरडा राहिलेला कॅमेरा शेवटच्या दोन मिनिटांत भिजतो. आडोशाला या. आधी कव्हर बाहेरून पंचाने नीट टिपा, चुण्यांमध्ये साठलेलं पाणीसुद्धा. मग हात आणि मनगटं पुसा, आणि कपाळ-केसही, कारण वाकल्यावर पहिला थेंब तिथूनच पडतो. कॅमेरा बंद करा. लेन्स खाली धरा म्हणजे उरलेलं पाणी हूडवरून गळून जाईल. आधी आय-कप सोडवा, मग रबर काढा, आणि कव्हर लेन्सच्या दिशेने, म्हणजे पुढे, सोलून काढा. मागे ओढलं तर ओली बाजू बॉडीवरून घासत येते. लेन्स लांब केलेली असेल तर नळी पुसूनच मागे घ्या. बॉडी पूर्ण कोरडी झाल्यावरच बॅटरी आणि कार्डाचं झाकण उघडा.

ओलं कव्हर कॅमेऱ्याच्या बॅगेत परत ठेवू नका. वेगळ्या पिशवीत घ्या आणि घरी सावलीत दोरीवर उलटं टांगा. पीयूचं कोटिंग दमट राहिलं की काही महिन्यांत चिकट होतं, मग त्याचे पापुद्रे सुटतात आणि ते लेन्सवर येऊन बसतात. घडी एकाच रेषेवर वारंवार नको. सैल गुंडाळी करा.

कॅमेऱ्यासाठी श्रावण संपेपर्यंत ४० ते ५० टक्के आर्द्रतेची जागा हवी. ड्राय कॅबिनेट नसेल तर रबरी कडीचा हवाबंद डबा, १५ लिटरच्या डब्यात पावशेर सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक ठेवा. केशरी दाणे हिरवे झाले की ११० ते १२० अंशांवर दोन तास तापवून पुन्हा वापरता येतात. निळे, गुलाबी होणारे दाणे कोबाल्टचे असतात, ते स्वयंपाकाच्या भांड्यात किंवा ओव्हनमध्ये नकोत. तांदळाच्या डब्यात कॅमेरा पुरायची कल्पना सोडा. तांदूळ ओल फारशी ओढत नाही आणि त्याची भुकटी फटीफटीत जाते.

एवढं करूनही पाणी आत गेल्याची शंका आली, म्हणजे स्क्रीनच्या आत धुकं दिसलं किंवा बटणं आपोआप दाबली जाऊ लागली, तर चालू करून बघण्याचा मोह आवरा. बॅटरी काढा, कार्ड काढा, झूम आहे तिथेच राहू द्या. बाहेरून टिपून, सगळ्या झडपा उघड्या आणि खालच्या दिशेने ठेवून, भरपूर सिलिका जेल असलेल्या हवाबंद डब्यात ४८ तास ठेवा. हेअर ड्रायर लावला तर वाफ आणखी आत ढकलली जाते आणि लेन्समधलं ग्रीस पातळ होऊन अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर येतं. ४८ तासांनी चालू झाला तरी सर्व्हिस सेंटरला एकदा उघडून घ्या. संपर्कबिंदूंवर हिरवट गंज धरायला काही आठवडे लागतात, तोपर्यंत कॅमेरा अगदी ठणठणीत वाटतो.